वहीच्या शेवटच्या पानावर ७७, ५१, २३... कुणाला सांगू?

सुरंगी | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार. मी इथे एरवी पुस्तकांच्या आणि पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज वेगळंच लिहायचंय आणि उत्तर लवकर हवंय.

गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी मराठी शिकवते. अकरावी वाणिज्यची वर्गशिक्षिकाही मीच. गेल्या गुरुवारी निबंधाच्या वह्या तपासायला घरी आणल्या. एका मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने उभी यादी होती: ७७, ५१, २३, ११, १०. प्रत्येक आकड्यापुढे साल: २०११, २०१९, २०१९, २०१८, २०२२. मला वाटलं, कुणा फलंदाजाच्या धावा असतील. मुलगा क्रिकेटवेडा, शाळेच्या संघात सलामीला उतरतो. खाली एक काळं चक्र काढलं होतं, सूर्यासारखं, मधून मोडक्या आऱ्या फुटलेलं. इतकं रेखीव, की मी खाली शाबासकीचे दोन शब्द लिहिणार होते.

शुक्रवारी वर्गातली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत होती. मी बाहेर गेले. यादीचा विषय मी काढलाच नव्हता, तीच म्हणाली, "टीचर, ते रन्स न्हय. मेल्ले मनीस ते." तो फोनवर कुठल्याशा ग्रुपमध्ये आहे, तिथे गोळीबार करून माणसं मारणाऱ्यांना 'संत' म्हणतात आणि कुणी किती मारले याची क्रमवारी लावतात. हे सांगून ती निघाली आणि चार पावलांवरून परत आली. त्याने तिला म्हटलं होतं, "तूं बरी. तुका कांय जावचें ना." तुला काही होणार नाही, म्हणून.

त्या रात्री मी एकेक आकडा शोधला. ७७ म्हणजे नॉर्वे, ओस्लोतला स्फोट आणि उटोया बेटावरची मुलं. ५१ म्हणजे न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदी. २३ टेक्सासच्या एल पासोतलं दुकान, ११ पिट्सबर्गचं ज्यू प्रार्थनास्थळ, १० बफेलोतला बाजार. ते चक्रही सापडलं. नात्झींच्या काळातलं चिन्ह आहे, आज गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या झेंड्यांवर असतं.

मुलाबद्दल जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. वडिलांचे खाणीवर दोन टिपर ट्रक होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केले आणि खाणी थांबल्या, तेव्हा हा तिसरीत-चौथीत असेल. ट्रक कर्जात गेले. वडील आता दुसऱ्याची गाडी चालवतात, घरी फारसे नसतात. आई साधी, देवभोळी. मुलगा हुशार आहे, त्याचं मराठी माझ्या वर्गात सर्वांत नितळ. दिवाळीनंतर मात्र गप्प झाला. एकदा तासाला स्थलांतरावर बोलणं निघालं तेव्हा उभा राहून म्हणाला, भायले, म्हणजे बाहेरचे, मुद्दाम आणून वसवतायत, पन्नास वर्षांनी इथे गोंयकार उरायचा नाही. अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या, कारण घरोघरी हेच बोललं जातं. मीही पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्याच्या बाकावरचा मुलगा विजापूरकडचा, बाप औद्योगिक वसाहतीत कामाला. यादीवाला मुलगा जानेवारीत माझ्याकडे आला आणि जागा बदलून मागितली. कारण विचारलं तर नुसता पाहत राहिला.

'माझे आजोळ' या निबंधात त्याने सत्तरी तालुक्यातलं आजोबांचं कुळागर फार सुंदर उभं केलंय. सुपारी, मिरवेल, पाटाचं पाणी, आणि रानडुकरं-माकडं पळवायला आजोबांनी ठेवलेली परवान्याची एकनळी बंदूक. दर शनिवारी तो तिथे जातो. दोन आठवड्यांपूर्वी त्याने स्वतःची बॅट वर्गातल्या एकाला देऊन टाकली, म्हणजे क्रिकेटचा नादही सुटला असावा.

वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, परीक्षा तोंडावर आहे, गाजावाजा नको, आईला बोलावून समज देऊ. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. पण पोलिसांत गेले आणि सगळा पोरकटपणाच निघाला तर? आमचं गाव केवढं! बोभाटा व्हायला एक दिवस पुरतो. वहीच्या एका पानावरून मी सोळा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याची माती करायची का? आणि गप्प बसले आणि काही झालं, तर त्या विजापूरच्या मुलाच्या आईसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

---

खाजन | सोमवार, रात्री ११.४८

ताई, तुमची कळकळ पोचली. पण मला वाटतं, तुम्ही जास्त मनावर घेताय. माझा मुलगाही त्या वयात दिवसरात्र बंदुकांचे गेम खेळायचा, भिंतीवर कवट्यांची चित्रं लावायचा. आज पुण्यात नोकरी करतो, बायकोला भाजी निवडून देतो. इथे काही अमेरिका नाही, दुकानात जाऊन रायफल आणता येत नाही. आईला विश्वासात घ्या, फोन काढून घ्यायला सांगा. पोलीस बिलकूल नको. एकदा नाव लागलं की पासपोर्टापासून सगळं अडतं.

---

रिवण | मंगळवार, पहाटे ५.२५

खाजन, तुमच्या मुलाचं चांगलं झालं याचा आनंद आहे. पण मला हे वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मूळ पेडण्याचा. मस्कतहून पुढे न्यूझीलंडला गेलो, ख्राइस्टचर्चमध्ये हॉटेलच्या किचनमध्ये नऊ वर्षं होतो. १५ मार्च २०१९ चा शुक्रवार. भांडी घासायला आमच्याकडे एक बांगलादेशी मुलगा होता, दर शुक्रवारी दीडच्या सुमारास नमाजाला अल नूर मशिदीत जायचा. त्या दिवशी चाळीस पानांची ऑर्डर आली म्हणून मी त्याला थांबवून ठेवलं, तो माझ्यावर चिडला होता. माझी मुलगी शाळेच्या मुलांबरोबर कॅथेड्रल स्क्वेअरला हवामानबदलाच्या निदर्शनांना गेली होती. दोनच्या आसपास सगळ्या शहराच्या शाळा आतून बंद केल्या गेल्या. मुलगी संध्याकाळपर्यंत एका इमारतीत अडकली होती. तो बांगलादेशी मुलगा किचनच्या जमिनीवर बसून एकामागून एक फोन लावत होता आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं. पुढे महिनाभर त्याने मला नजर दिली नाही. मी त्याला वाचवलं असं लोक म्हणायचे, त्याला ते सहन व्हायचं नाही.

नंतर सरकारने रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग, नेमलं. २०२० च्या शेवटी अहवाल आला. जाडजूड आहे, मी सगळा वाचला. मारेकऱ्याचं नाव मी घेणार नाही. तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनीही ते घेणार नाही असं संसदेत सांगितलं होतं, आणि तुमच्या विद्यार्थ्याच्या यादीचा विचार केला तर त्या किती बरोबर होत्या ते कळतं. या लोकांना यादीत जागाच हवी असते.

अहवालातल्या काही गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. त्याला बंदुकीचा परवाना मिळाला तेव्हा त्याच्या बाजूने शब्द कुणी टाकला? इंटरनेटवर गेम खेळताना झालेला एक मित्र आणि त्या मित्राच्या पालकांपैकी एक. घरचं माणूस कुणी नाही. जुलै २०१८ मध्ये घरात बंदूक हाताळताना गोळी सुटून तो जखमी झाला आणि डनिडनच्या इस्पितळात गेला. पोलिसांना कुणी कळवलं नाही, तसा कायदाच नव्हता. त्याच्या आईला त्याच्या बोलण्यातला वंशद्वेष खुपत होता, ती काळजीत होती. त्याला हे विष मुख्यतः कुठून मिळालं, तर कुठल्या गुप्त संघटनेतून नव्हे. त्याने स्वतःच चौकशीत यूट्यूबचं नाव घेतलं. हा माणूस जगभर एकटा हिंडला, २०१५ च्या अखेरीपासून २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत भारतातही होता. कुठेतरी आपल्यासारख्याच कुणीतरी त्याला चहा दिला असेल.

प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. कुणाचाच तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याशेजारी ठेवला गेला नाही. सुरंगीताई, तुमच्याकडे मात्र आताच पाच-सहा तुकडे एका टेबलावर आहेत.

आता त्या 'भायले' प्रकरणाबद्दल. मूळ लोकांना हटवून त्यांच्या जागी बाहेरचे आणण्याचं कारस्थान चाललंय, या सिद्धान्ताला 'ग्रेट रिप्लेसमेंट' म्हणतात. तो युरोपात शिजला. ख्राइस्टचर्चवाल्याने त्याच्यावर जाहीरनाम्यासारखा कागद लिहिला, एल पासोवाल्याने मेक्सिकन लोकांवर बसवला, बफेलोवाल्याने काळ्या लोकांवर. आपल्या पोराने तोच सदरा भायल्यांच्या मापाने उसवून शिवलाय. गोव्यातल्या जमिनी जातायत, खाणी बंद पडल्या, बापाचे ट्रक गेले, हे दुःख खरं आहे. ते आपण मोठ्यांनी त्याच्याशी कधी बोललोच नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी त्याला त्याचं उत्तर दिलं. आणि ज्याला तो संत म्हणतो, त्याच्या कागदात भारतीयही 'घुसखोर'च होते. मशिदींत मेलेल्यांत भारतीय होते.

आपल्या रंगाचं पोर असं कसं करेल, असं वाटत असेल तर सिंगापूरचं पाहा. डिसेंबर २०२० मध्ये तिथे १६ वर्षांच्या, भारतीय वंशाच्या एका ख्रिस्ती मुलाला ताब्यात घेतलं. ख्राइस्टचर्चचं चित्रीकरण पाहून त्याने घराजवळच्या दोन मशिदी निवडल्या होत्या आणि तारीख ठरवली होती १५ मार्च. बंदूक मिळत नाही म्हणून कोयता वापरणार होता. तेव्हा इथे रायफल मिळत नाही, यावर मी तरी विसंबणार नाही.

ताई, आज फेब्रुवारी चालू आहे. तुमच्या मुलाच्या डोक्यात एखादी तारीख आहे का, हे कुणीतरी विचारायला हवं.

---

कुळागरी | मंगळवार, सकाळी ७.०५

मी सत्तरीतलाच. माझ्याकडेही वडिलांच्या वेळची एकनळी आहे, म्हणून फक्त तेवढ्यावर बोलतो.

आमच्याकडे बंदूक कशी ठेवतात ते सांगतो. माजघरात खुंटीला किंवा खाटेखाली. काडतुसं फडताळात, गोळ्या-औषधांच्या डब्याशेजारी. कुलूप बहुतेक घरांत नाही. नातवंडांना ती लहानपणापासून दिसते, आजोबा हौसेने हातातही देतात. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं.

निवडणूक आली की आम्ही सगळे बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतो, पावती घेतो, निकाल लागला की परत आणतो. निवडणूक नसतानाही सांभाळायला म्हणून जमा करता येते. म्हाताऱ्याला मुलाबद्दल एक शब्दही सांगायची गरज नाही. घरच्या कुणीतरी म्हणावं, परवान्याचे कागद तपासायचे आहेत, तुमचेही डोळे आता गेले, पावसाळ्यापर्यंत ठाण्यात राहू दे. डुकरांसाठी डबे वाजवता येतात, कुंपणाला जुनी लुगडी बांधता येतात.

शनिवारच्या आत करा. बाकीचं सगळं त्यानंतर. आणि काडतुसंही मोजून द्या, नुसती बंदूक नको.

---

पिंपळपार | मंगळवार, दुपारी १.३०

मी मानसोपचारातली समाजसेविका आहे, किशोरवयीन मुलांबरोबर बरीच वर्षं काम करते. कामावरून जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, थोडं विस्कळीत होईल.

सुरंगीताई, तुमच्या लेखात तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलंय आणि मला सगळ्यांत आधी तेच दिसलं. त्याने बॅट देऊन टाकली. सलामीचा फलंदाज स्वतःची बॅट देतो, तेव्हा नाद सुटला एवढाच अर्थ घ्यायचा नसतो. आवडत्या वस्तू वाटून टाकणं ही आत्महत्येच्या विचारांची जुनी, ओळखीची खूण आहे. शाळांतल्या हल्ल्यांचा अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्याबरोबर अभ्यास केला. २००२ साली तो प्रसिद्ध झाला, त्यात ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर होते. त्यांतल्या ७८ टक्के मुलांच्या मनात आधी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते किंवा त्यांनी तसा प्रयत्न केला होता. मरायचं आणि मारायचं, ही दोन टोकं आपण समजतो तितकी लांब नसतात. जगण्याला अर्थ उरला नाही असं वाटणाऱ्या मुलाला तो ग्रुप सांगतो की मेलास तर असा मर, की लोक तुझा आकडा लक्षात ठेवतील.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. ८१ टक्के घटनांत आधीच कुणाला तरी माहीत होतं, आणि माहीत असणारे बहुतेक वेळा बरोबरीचे मित्रमैत्रिणी होते. ज्यांना मारायचं त्यांना थेट धमकी क्वचितच दिली जाते. गोष्ट झिरपते ती आजूबाजूला. तुमच्या विद्यार्थिनीला त्याने म्हटलं, 'तुका कांय जावचें ना.' म्हणजे कुणाला तरी काहीतरी होणार आहे, हे तो बोलून गेला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाईनच्या शाळेबाहेर हल्लेखोरांपैकी एकाने ओळखीच्या एका मुलाला असंच, तू मला आवडतोस, घरी जा, म्हणून परत पाठवलं होतं. त्या मुलीला सांगा की तिने चहाडी केलेली नाही. आपल्या मुलांवर आपणच लहानपणापासून बिंबवतो, की दुसऱ्याचं नाव सांगणारा वाईट. तिला हे चांगलं ठासून सांगायला हवं, आणि तिचं नाव कुठेही येता कामा नये.

याचा अर्थ हा मुलगा हल्ला करणार, असा नाही. असा चेहरा नसतो, अशी जात नसते, असं घर नसतं. त्या अभ्यासाचाही निष्कर्ष तोच होता, की हल्लेखोराचं ठरावीक वर्णन करता येत नाही. गप्प मुलं हजारो असतात, बंदुकांचे गेम लाखो खेळतात. खाजन, तुमच्या मुलाच्या कवट्या आणि ही वही यांत मला फरक दिसतो तो असा: इथे प्रत्यक्ष मारेकऱ्यांबद्दल भक्ती आहे, शेजारच्या बाकावर एक ठरलेला 'परका' आहे, एका मुलीला दिलेलं अभय आहे, स्वतःची वस्तू देऊन टाकणं आहे आणि दर शनिवारी हाताशी येणारी बंदूक आहे. यांतलं एकेक सुटं पाहिलं तर मीही फार घाबरणार नाही. एकत्र आहेत म्हणून थांबायचं नाही.

आता काय करायचं. समज देऊ नका, निदान तसं देऊ नका जसं आपण देतो, चार शिक्षक, मधे मुलगा, आई रडतेय. तो तिथे सगळं नाकबूल करेल आणि त्या ग्रुपमध्ये जाऊन सांगेल की बघा, हे लोक असेच. फोन हिसकावून घेतला तर जे काही आपल्याला दिसतंय तेही दिसेनासं होईल. शाळेत येणाऱ्या समुपदेशक असतील तर त्यांना आणि ज्या एका शिक्षकावर त्याचा विश्वास आहे त्यांना आधी एकत्र बसवा. मला वाटतं, त्या शिक्षिका तुम्हीच आहात, नाहीतर त्याने वही तशीच तुमच्या हातात दिली नसती. याचा विचार करा. तो सोळा वर्षांचा आहे, मूर्ख नाही. शेवटचं पान फाडून द्यायला त्याला किती वेळ लागला असता?

त्याला एकट्याला भेटा, शांतपणे. मरून जावंसं वाटतं का, असं सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. दुसऱ्या कुणाला इजा करायचं मनात आहे का, कसं, कधी, हेही त्याच आवाजात विचारा. 'हो' आलं, किंवा दिवस ठरलेला आहे असं वाटलं, तर त्याला एकटा सोडू नका. घरच्यांना सोबत घेऊन त्याच दिवशी बांबोळीला आयपीएचबीमध्ये, म्हणजे मानसोपचाराच्या इस्पितळात. तिथे नेण्याची आपल्याकडे लाज वाटते, ते मला रोज दिसतं, पण तिथेच हे काम जाणणारी माणसं आहेत. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, आईलाही द्या. आणि बंदूक त्याने उचलली आहे किंवा तो बाहेर पडला आहे असं कळलं, तर त्या क्षणी ११२, मग बोभाटा वगैरे काही बघायचं नाही.

दोन घटना मुद्दाम सांगते, वरिष्ठांनाही वाचून दाखवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिशिगनच्या ऑक्सफर्ड गावातल्या शाळेत एका पंधरा वर्षांच्या मुलाने गणिताच्या कागदावर बंदूक काढली, खाली लिहिलं की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. आईवडिलांना बोलावलं. ते त्याला घरी घेऊन गेले नाहीत, दप्तर कुणी उघडलं नाही, मुलगा वर्गात परत गेला. दुपारी चार विद्यार्थी मेले. बंदूक वडिलांनीच चार दिवसांपूर्वी घेऊन दिली होती. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. दुसरी घटना तुमच्या यादीतल्या १० ची. त्या मुलाने आदल्या वर्षी शाळेतल्या प्रश्नावलीत पुढचा बेत म्हणून खून आणि आत्महत्या असं लिहिलं होतं. त्याला तपासणीला नेलं, गंमत केली म्हणाला, दीड दिवसात सोडलं आणि फाइल मिटली. म्हणून म्हणते, एकदा बांबोळीला जाऊन आला की सुटलो, असं नाही. महिनोन्महिने कुणीतरी त्याच्या जवळ राहायला लागेल. शत्रू काढून घ्यायचा तर त्या जागी काहीतरी ठेवावंही लागतं.

---

खाजन | मंगळवार, रात्री ९.१५

मी काल रात्री लिहिलेलं मागे घेतो. दुपारभर मनात घोळत होतं. माझं घर मडगावचं. २००९ च्या दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री शहरात स्कूटरवरच्या स्फोटात दोन तरुण मेले, ती स्कूटर घेऊन आलेलेच. खटल्यातले आरोपी पुढे निर्दोष सुटले, कुणाचा हात होता यात मी पडत नाही. पण ते दोघे कुणाची तरी मुलं होती, हे आठवलं. त्यांच्याही वह्या कुणीतरी तपासल्या असतील. ताई, काही मदत लागली, गाडी लागली, बांबोळीपर्यंत सोडायचं असलं, तर व्यक्तिगत निरोप करा. रात्री दोनलाही येईन.

---

सुरंगी | शुक्रवार, रात्री १०.३०

तुम्हा सगळ्यांना उत्तर द्यायला तीन दिवस लागले, माफ करा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळतेय.

मंगळवारी संध्याकाळी मुलाच्या आईला मंदिराच्या आवारात भेटले, शाळेत नव्हे. सुरुवातीला ती माझ्यावर खूप रागावली. मी बॅटबद्दल सांगितलं तेव्हा एकदम गप्प झाली. ती बॅट त्याच्या बापाने शेवटचा ट्रक विकला त्या महिन्यात आणली होती. बुधवारी मामाने बंदूक आणि अकरा काडतुसं वाळपईच्या ठाण्यात दिली. कुळागरी, तुमचं डोळ्यांचं कारण चाललं. आजोबा कुरकुरले, पण दिली. निबंधात काडतुसांचा उल्लेख नव्हता, तुम्ही लिहिलं नसतं तर ती फडताळातच राहिली असती.

गुरुवारी शेवटच्या तासानंतर मी, समुपदेशक आणि तो असे वाचनालयात बसलो. पिंपळपार, तुम्ही सांगितलं तसं सरळ विचारलं. विचारताना माझा आवाज कापत होता. पहिल्या प्रश्नाला तो 'हय', हो, म्हणाला. दुसऱ्याला बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, ठरलेलं नाही, पण डोक्यात येतं, रोज येतं, विशेषतः रात्री. वही मुद्दाम दिली होती का, ते मी विचारलं नाही. कधीतरी विचारीन.

ग्रुपबद्दल त्याने स्वतःहून सांगितलं. तिथे कुणी त्याला गोव्याबद्दल विचारतं, त्याचं लिहिलेलं वाचतं, रात्री तीनला ऑनलाइन असतं. घरी तीनला जागं कुणी नसतं, म्हणाला.

रिवण, तुमच्या शहराबद्दल मी बोलले. त्याला तारीख पाठ होती, मशिदींची नावं पाठ होती, आकडे पाठ होते. मी आदल्या रात्री वाचलं होतं, की त्या शुक्रवारी बांगलादेशचा क्रिकेट संघ कसोटीसाठी तिथेच होता आणि नमाजासाठी त्यांची बस अल नूर मशिदीपर्यंत पोचली होती. थोडं लवकर आले असते तर आत असते. मी म्हटलं, तमीम इक्बालही त्यांच्यात होता. त्याने मान वर केली. तमीम डावखुरा सलामीवीर, हाही डावखुरा. हे त्याला ग्रुपमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. "खंयच्या बसींत?" असं त्याने विचारलं, आणि मग पाच-दहा मिनिटं ती बस कुठे उभी होती, ते खेळाडू बागेतून कसे चालत मैदानावर गेले, कसोटी रद्द झाली, एवढंच आम्ही बोललो. आपलं काही चुकलं असं तो म्हणाला नाही. मीही म्हणवून घेतलं नाही.

तिथूनच आई, मामा आणि मी त्याला बांबोळीला घेऊन गेलो. खाजन, गाडी मामाचीच होती, पण तुमचा निरोप मी आईला वाचून दाखवला. डॉक्टरांनी ठेवून घेतलंय. पोलिसांत तक्रार केलेली नाही, पण डॉक्टर आणि समुपदेशक दोघांनीही सांगितलंय की गरज वाटली तर कळवावं लागेल, आणि आईने मान्य केलंय. वडील उद्या येतायत.

वरिष्ठांशी माझं नीट बोलणं झालेलं नाही. ते नाराज आहेत. त्या मुलीच्या घरी मी स्वतः जाऊन आले.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत, पिंपळपार, जमलं तर सांगा. ज्याला बॅट दिली होती तो आज ती घेऊन माझ्याकडे आला. त्याला वर्गातलं वातावरण काहीतरी कळलंय. परत कुणाला देऊ विचारत होता. ती मी माझ्या कपाटात ठेवू, की त्यालाच इस्पितळात भेटायला पाठवू? आणि विजापूरच्या मुलाने आज हजेरीच्या वेळी विचारलं, टीचर, तो का नाही आला, ताप आहे का. मी हो म्हटलं. सोमवारी त्याला काय सांगायचं?